रिपोर्ट चांगला आला, तरी हे हसत नाहीत

नमस्कार,

ह्यांची बायपास होऊन नऊ आठवडे झाले. वय ६३. तीन ग्राफ्ट घातले, म्हणजे रक्तासाठी तीन नव्या वाटा जोडल्या. जखमा भरल्या, एको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला, सर्जन म्हणाले आता काळजी सोडा. पण मला हे ओळखूच येत नाहीत. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, आणि सकाळी अंथरूण सोडायला दहा वाजतात. दाढी चार-चार दिवस तशीच. नातवाचा फोन आला की ‘झोपलोय म्हणून सांग’ म्हणतात. जुने रेडिओ दुरुस्त करायचा ह्यांना भारी नाद. ते टेबल ऑपरेशनच्या आधी झाकलं ते अजून झाकलेलंच आहे. बोलता बोलता डोळे भरून येतात, नाहीतर साध्या गोष्टीवरून अंगावर ओरडतात. आयसीयूत दोन रात्री भलतंसलतं बोलत होते, छतावर माणसं दिसतायत म्हणत होते. त्याचा विषय काढला की उठून जातात. परवा गोळ्या देताना म्हणाले, ‘कशाला वाचवलंत मला?’ मी हसण्यावारी नेलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सगळे म्हणतात, दुसरा जन्म मिळालाय, आता आनंदात राहा. मीही तेच म्हणते. खरं तर ऑपरेशनला ते तयार नव्हते. मीच मागे लागले. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. तोवर वाट बघू का?

— एक वाचक

ताई,

नाही, वाट बघू नका. उद्या सकाळी दवाखाना उघडला की फोन करा आणि तारीख अलीकडची मागून घ्या. पण त्याच्याही आधी, आजच, त्यांना एक गोष्ट विचारायची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘कशाला वाचवलंत मला’ हे वाक्य तुम्ही हसण्यावारी नेलंत. घाबरलेलं माणूस तेच करतं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. मात्र आता तो विषय परत काढायला हवा. घरात दुसरं कुणी नसताना शेजारी बसा आणि सरळ विचारा: ‘परवा तुम्ही असं म्हणालात. मी टाळलं, पण माझ्या मनातून ते जात नाही. मरून जावं असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने नसता विचार डोक्यात भरवला जाईल ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. उलट, जो विचार माणूस एकटाच वागवत असतो तो एकदा बोलून दाखवता आला की बरेचदा त्याला हायसं वाटतं. ते काय सांगतील त्यावर लगेच समजूत घालू नका. ऐका.

‘कंटाळा आलाय, मेलो असतो तर सुटलो असतो’ असं म्हणाले, तर ते डॉक्टरांना याच आठवड्यात कळायला हवं. कसं करायचं, कधी करायचं हेही मनात ठरलंय असं जाणवलं, किंवा ‘काही करणार नाही’ असा शब्दच देता येत नसेल, तर त्यांना एकटं सोडू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा, रात्र असली तरी. आणि उत्तर काहीही येवो, गोळ्यांचा सगळा साठा तुमच्या ताब्यात राहू द्या. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेततं. रोजच्या रोज काढून द्या. दिलेली गोळी खरंच घेतली जाते ना, तेही बघा. गुपचूप गोळ्या टाकून देणं हाही जगण्यावरून मन उडाल्याचा एक प्रकार असतो, आणि तो लवकर ध्यानात येत नाही.

आता त्यांना झालंय काय, ते सांगते. मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून निदान करणार नाही. पण तुमच्या पत्रातली एकेक ओळ डिप्रेशनकडे बोट दाखवते.

एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे, रडू येतं, चिडचिड होते, भूक मरते. छातीचं हाड मधोमध उभं कापून तारांनी पुन्हा बांधलेलं असतं, पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजलेला असतो, कुशीवर वळता येत नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी लागते. अशा शरीरात मन प्रसन्न राहील तरी कसं? बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. नऊ आठवड्यांनी ते ओसरण्याऐवजी घट्ट होत चाललं असेल, तर ती नुसती ‘ऑपरेशनची कमजोरी’ नव्हे. घोटाळा असा की थकवा, झोपमोड, भूक नसणं ही लक्षणं दोन्हीकडची आहेत, त्यामुळे सगळं ऑपरेशनच्या खात्यावर जमा होतं. म्हणून मी अशा माणसाच्या थकव्याकडे नंतर बघते. आधी बघते, गोडी कशातली गेली. नातवाशी फोनवर दोन मिनिटं बोलायला छातीच्या हाडाची आडकाठी नसते. रेडिओचा स्क्रू फिरवायला तीन ग्राफ्ट आड येत नाहीत. त्या झाकलेल्या टेबलाबद्दल तुम्ही लिहिलंत, ते एकोच्या रिपोर्टपेक्षा मला जास्त सांगून गेलं.

डॉक्टर हेच दोन साध्या प्रश्नांत विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटत नाही, आनंद होत नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, खचल्यासारखं, सगळं संपल्यासारखं किती दिवस वाटलं? बहुतेक सगळे दिवस असं उत्तर आलं, तर पुढे नीट तपासणी करायची. हृदयरुग्णांना हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच सांगितलं. तरी होतं असं की सर्जन जखम बघतात, कार्डिओलॉजिस्ट एको बघतात, दोघांचंही समाधान होतं, आणि हे प्रश्न कुणी विचारायचे ते राहून जातं. म्हणून तुम्हीच सांगायचं. ‘बरं वाटत नाही’ असं मोघम नको. मला पत्रात लिहिलंत तसंच सांगा: जाग तीनला, दाढी चार दिवस, नातवाचा फोन नको, आणि परवाचं ते वाक्य. ते तुमच्यासमोर ‘मी बरा आहे’ म्हणतील. खूप पुरुष म्हणतात. मग आधी एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.

हे फक्त तुमच्याच घरात घडतंय असं समजू नका. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बायपासच्या ८१७ रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यातल्या ३८ टक्के रुग्णांत डिप्रेशनची लक्षणं होती, कुणात सौम्य, कुणात जास्त. ज्यांचं डिप्रेशन जास्त होतं किंवा ऑपरेशननंतर सहा महिन्यांनीही टिकून राहिलं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघालं. हे आकडे त्यांना वाचून दाखवू नका, खचलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी ओझं नको. तुम्हाला अशासाठी सांगते की फोनवर कुणी म्हणालं ‘थोडं थांबा, होईल बरं’, तर तुम्ही ठामपणे म्हणू शकाल: हा हृदयाच्याच उपचाराचा भाग आहे, मला आत्ता वेळ हवी. डिप्रेशनमध्ये माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सुटलेली सिगारेट पुन्हा धरतो. शरीराच्या आतही बदल होतात. ताणाची संप्रेरकं चढी राहतात, रक्तातल्या प्लेटलेट जास्त चिकट होतात, आणि हृदयाच्या ठोक्यांत गरजेप्रमाणे जो बारीक चढउतार असायला हवा तो कमी होतो. मन एका डॉक्टरचं आणि हृदय दुसऱ्याचं, अशी वाटणी शरीर करत नाही.

आयसीयूतल्या त्या दोन रात्रींबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत. मला त्यावर थांबायचंय, कारण ही गोष्ट फार थोड्या घरांत बोलली जाते. मोठ्या हृदय-शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत मेंदूचा गोंधळ उडणं नेहमीचं आहे, वय साठीच्या पुढे असेल तर अधिकच. वैद्यकीय भाषेत त्याला डिलिरियम म्हणतात. भूल, वेदनाशामकं, शरीरातली सूज, दिवसरात्र न विझणारे दिवे, यंत्रांचे आवाज, झोपेचे तुकडे, हे सगळं एकत्र येतं आणि माणसाला नसलेली माणसं दिसतात, नर्स आपल्याला मारायला आली आहे असंही वाटतं. ते वेड नसतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत निवळतंही. पण आठवण पूर्ण पुसली जातेच असं नाही. अर्धवट, भेसूर तुकडे मागे राहतात. त्यातलं खरं काय घडलं आणि भास कोणता, हे त्या माणसाला उमगत नाही, आणि आपण सगळ्यांसमोर काहीतरी लाजिरवाणं बोललो ही टोचणी वेगळीच. पहाटे तीनला ते त्याच छताकडे बघत पडलेले असतील, अशीही शक्यता आहे.

म्हणून विषय काढताना ‘तुम्ही काय काय बोलत होतात!’ असं नको. असं म्हणून बघा: ‘त्या दोन रात्री तुम्हाला माणसं दिसत होती. ऑपरेशननंतर पुष्कळांना दिसतात. तुम्ही वेडंवाकडं काही केलं नाहीत. तुम्हाला त्यातलं काय आठवतं?’ तेव्हा तिथे प्रत्यक्ष काय चाललं होतं, नळ्या कधी काढल्या, तुम्ही कधी भेटायला आलात, हे क्रमाने सांगा. तुटक आठवणींना आगापिछा मिळाला की त्यांची धार कमी होते. नाही बोलले तर ताणू नका. दार उघडं आहे एवढं कळलं तरी पुरे. वाईट स्वप्नं पडत असतील, हॉस्पिटलचं नाव निघताच घाम फुटत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कागदावर लिहा.

आणि ‘दुसरा जन्म मिळालाय’ हे घरात सगळ्यांनी थांबवलं तर बरं. म्हणणाऱ्यांचं मन चांगलं आहे, मला त्यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानांवर ते कसं पडतं, बघा. आतून सगळं रिकामं वाटतंय, आणि समोरचे सांगतायत की तू आनंदात असायला हवास. मग त्या दुःखावर अपराधीपणाचा आणखी एक थर चढतो: एवढं सगळ्यांनी केलं, एवढा खर्च झाला, आणि मला साधं खूशही राहता येत नाही. त्यापेक्षा ‘आज फार जड जातंय का?’ एवढंच विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर त्यावर उपाय सुचवायचा नाही. शेजारी बसायचं.

आता एक गोष्ट थोडी कटू वाटेल, पण ती लिहिणं मला भाग आहे. तुमच्या पत्रात ‘गोळ्या देताना’ असं आहे. अंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभं राहणं, जिना चढायला लागले की मागे धावणं, पाण्याचा तांब्या हातातून काढून घेणं, रात्री श्वास चालतोय ना ते बघणं, हेही बहुधा चालू असणार. पहिल्या आठवड्यांत ते बरोबरच होतं. पण कालपर्यंत ज्याच्या जिवावर घर चाललं, त्याला आज तांब्याही उचलू दिला नाही, तर तो स्वतःला मोडकी वस्तू समजायला लागतो. गोळ्यांचं तुमच्याकडेच राहू द्या, त्याचं कारण वर दिलंय. बाकीच्या गोष्टी मात्र एकेक करून त्यांच्या हातात परत द्या. छातीचं हाड पक्कं जुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, म्हणून काय उचलायचं, गाडी कधी चालवायची, हे सर्जनकडून नेमकं विचारून घ्या. जेवढ्याला परवानगी मिळेल तेवढं त्यांना करू द्या. तुमचा जीव खालीवर होईल. होऊ द्या.

शरीरसंबंधांबद्दलही याच भेटीत विचारा. तुम्ही लिहिलं नाहीत, कुणीच लिहीत नाही; पण ती भीती दोघांच्याही मनात असते आणि त्यामुळे नवरा-बायको एकमेकांना साधा हातही लावेनासे होतात. सहसा सहा ते आठ आठवड्यांनंतर, दोन जिने न धापता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर डॉक्टर हरकत घेत नाहीत.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते आधी शरीरातली कारणं तपासतील. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, त्यानेही माणूस मलूल होतो. थायरॉइड बघायला हवं, विशेषतः ठोक्यांच्या अनियमिततेसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर. बीटा-ब्लॉकरच्या, म्हणजे हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या गोळीने थकवा येतो, विचित्र स्वप्नंही पडतात, पण ती आपल्या मनाने बंद करायची नाही. एकदम थांबवली तर हृदयावर ताण येतो. डॉक्टरांना विचारा, मात्रा किंवा गोळी बदलता येते.

डिप्रेशनच्या औषधांची धास्ती वाटत असेल, तर एवढं सांगते की हृदयरुग्णांना चालतील अशी औषधं आहेत. त्यातल्या सर्ट्रालिन या औषधाचा तर नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांत अभ्यास झाला आणि ते हृदयाला सुरक्षित आढळलं. जुन्या प्रकारची काही औषधं मात्र ठोक्यांची लय बिघडवू शकतात, आणि नव्या गोळ्यांनीही अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून सायकिअ‍ॅट्रिस्टना हृदयाच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवायची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी किंवा कसलंही चूर्ण त्यात मिसळायचं नाही. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत काही फरक नाही म्हणून सोडून देणारे खूप असतात. तुम्ही त्यांत नका पडू.

गोळीइतकाच आधार बोलण्याच्या उपचाराचा आहे. बायपासनंतर डिप्रेशन आलेल्या १२३ रुग्णांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) दिली त्यांच्यापैकी ७१ टक्के तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. ‘मी काय वेडा आहे का’ असं ते म्हणाले, तर वाद घालू नका. कार्डिओलॉजिस्टनाच सांगू द्या की बायपासनंतरच्या तपासणीतलाच हा एक भाग आहे. त्यांच्या तोंडून आलेलं ते ऐकतील. कार्डियाक रिहॅबची, म्हणजे हृदयरुग्णांना पुन्हा हिंडतं-फिरतं करणाऱ्या वर्गांची सोय असेल तर तीही आवर्जून मागा. तिथे मॉनिटर लावून, माहितगारांच्या नजरेखाली व्यायाम होतो, त्यामुळे ‘चाललो तर टाके उसवतील, हृदय बंद पडेल’ ही भीती सुटते. शिवाय छातीवर तसाच उभा व्रण असलेली आणखी चार माणसं शेजारी चालताना दिसतात. माझ्या मते ही शेवटची गोष्ट औषधासारखीच लागू पडते.

घरात तुम्ही एक करू शकता. त्या टेबलावरचं कापड काढा. ‘आता बसा बरं रेडिओ घेऊन’ असं म्हणू नका, नुसतं काढा आणि धूळ पुसा. डिप्रेशनमध्ये आधी इच्छा होईल मग हात चालेल, असं घडत नाही; हात थोडा चालला की इच्छा मागून येते. दोन दिवसांनी म्हणा, दहा मिनिटं माझ्याबरोबर इथे बसा, काही दुरुस्त करायचं नाही, फक्त स्क्रू कुठल्या डबीत कोणते ते मला सांगा. जमलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं. नाही जमलं तर त्या दिवशी राहू द्या. सकाळी एका ठरावीक वेळेला पडदे उघडणं, थोडं चालणं, याचंही तसंच.

राहता राहिलं तुमचं ते वाक्य, पत्राच्या शेवटाला घाईत लिहिलेलं. मीच मागे लागले.

तुम्हाला नक्की काय विचारायचं होतं ते मला कळलं. ते हसत नाहीत, तर मी त्यांना वाचवून चूक केली का? नाही, ताई. तुम्ही मागे लागलात म्हणून आज त्यांना रक्त पुरवणाऱ्या तीन नव्या वाटा आहेत. आता जे आलंय तो वेगळा आजार आहे, त्याला वेगळा उपचार आहे, आणि तो बरा होतो. ‘कशाला वाचवलंत’ हे तो आजार त्यांच्या तोंडून म्हणतोय. त्याला तुमच्याविरुद्धचा निकाल समजू नका. एक मात्र विचारते. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून तुम्ही ते तास कसे काढले, हे त्यांना कधी सांगितलंत का? माझा अंदाज, नाही. त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही हसरा चेहरा लावून वावरताय, तुम्हाला त्रास नको म्हणून ते नातवाला झोपलोय सांगतायत. एखाद्या संध्याकाळी त्यांना ते सांगा. आभार मानून घ्यायला नव्हे. मला भीती वाटली होती, अजून वाटते, एवढंच.

आणि तुमच्या स्वतःच्या झोपेचं डॉक्टरांना सांगा. नऊ आठवडे रात्री अर्धवट जाग्या राहणाऱ्या बाईलाही हेच दुखणं जडू शकतं. आठवड्यातून दोन रात्री मुलांपैकी कुणाला तरी त्यांच्या खोलीत झोपू द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा.

उद्या फोन झाला, तारीख मिळाली, की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघते.